जुन्या गाडीत ई20: काटा लवकर खाली येते राजेहो

मागच्या आठवड्यात वर्धा रोडवर भर उन्हात गाडी बंद पडली म्हणून लिहून राहिलो, नाहीतर लिहू लिहू म्हणून टाळतच होतो. गाडी 2016 ची साधी पेट्रोल हॅचबॅक, म्हणजे ई20 च्या, 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, हिशेबानं बनलेली नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे पेट्रोल खराब, पंपवाला म्हणे गाडी जुनी, अन् मी मधात. सर्व्हिस सेंटरवाल्यानं अख्खा फ्युएल पंप बदलायचा खर्च सांगितला, मी गाडी उचलली अन् बाहेरच्या मेकॅनिककडे नेली, त्यानं उघडलं तर नुसता फिल्टर चोंदलेला. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवते अन् तो फिल्टरवर जाऊन बसते. काम किरकोळीत झालं.

पण माझा खरा राग ॲव्हरेजवर. सदर ते हिंगणा रोजचा रस्ता, आधी 15 द्यायची, आता 14 साठी पण पाय जपून ठेवा लागते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी, तर दुसरं काय होणार? नीती आयोगाच्या 2021 च्या रोडमॅपमध्येच जुन्या चारचाकीला 6-7 टक्के घट लिहून ठेवली आहे. मग जुन्या गाडीवाल्याला तेवढा भाव कमी करा ना बाप्पा! हजाराच्या पेट्रोलमागे साठ-सत्तर रुपये जाऊन राहिले, अन् इथेनॉलचा आग्रह धरणारे गडकरी साहेब आपल्याच नागपूरचे, म्हणून घरी तक्रार केली तरी सगळे माझ्याकडेच पाहतात.

आता दुसरी बाजू. भाच्याची नवी टर्बो शिवमडक्यावरून समृद्धीवर काढली, बाहेर 44-45 डिग्री, अन् गाडी अशी ओढते की बस! ई20 चा ऑक्टेन (इंधन अवेळी पेटून इंजिन ठकठकू नये याची ताकद) 95, आधीचं साधं पेट्रोल 91 चं, शिवाय इथेनॉल वाफ होताना आतली हवा थंड करते, त्यामुळे नॉकिंग, म्हणजे ती ठकठक, कमी अन् ट्यून केलेल्या टर्बोला तर हे औषधच, परदेशात रेसिंगवाले ई85 (85 टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं इंधन) उगाच नाही टाकत. त्यामुळे आधी सरसकट शिव्या देत होतो, आता फक्त जुन्या गाडीपुरत्या देतो.

शंभर ऑक्टेनवालं बिनइथेनॉल पेट्रोल टाका म्हणणाऱ्यांनी आधी त्याचा भाव पाहावा, दीडशेच्या वर आहे. आणि गाडी महिना-महिना उभी ठेवत असाल तर सांभाळा, इथेनॉल ओल ओढते. माझे रबरी पाइप आता बदलायचे आहेत, मेकॅनिक म्हणे कडक झाले. कोणाला सीताबर्डीत ई20 ला चालणारे पाइप वाजवी भावात मिळाले असतील तर सांगा, मला सांगितलेला भाव ऐकून मी तर दुकानातून तसाच परत आलो.