विद्यार्थ्यांच्या मुक्कामासाठी कोल्हापूर : एक अभिप्राय

पुण्याच्या मानाने खोलीभाडे आणि जेवण आवाक्यात असणे हे कोल्हापूरचे पहिले आकर्षण खरे. पण शिकायला आलेल्या परगावच्या मुलाला सामावून घेण्याची जी सवय या शहराला आहे, ती मला अधिक मोलाची वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि अर्थसाहाय्य दिले, आणि त्यांतील काही बोर्डिंगे दसरा चौकाच्या परिसरात आजही उभी आहेत. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचा विस्तीर्ण, झाडीचा परिसर राजारामपुरीपासून जवळ असल्याने बहुतेकांचा ओढा त्याच भागाकडे असतो. अभ्यासाला शांत जागा हवी असल्यास 1850 पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे.

खाणावळींविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. मी जिथे मासिक डबा लावला होता, तिथे भाकरी तव्यावरून थेट ताटात येई, आमटीत कांदा-लसूण चटणीचा हात सढळ असे आणि रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची वाटी रिकामी दिसली की मावशी न विचारता ती भरत. शाकाहाऱ्यांची मात्र त्या दिवशी बटाट्याच्या भाजीवर बोळवण होत असे, हे नमूद केलेच पाहिजे.

पावसाळ्यात खोली घेताना पंचगंगेची पूररेषा पाहूनच ठरवावे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत शहराच्या सखल भागांत पाणी शिरले होते. पदवीनंतरच्या नोकऱ्यांच्या बाबतीत पुणे अर्थातच सरस आहे.