लिचेसचा ओपनिंग एक्सप्लोरर: इटालियनमध्ये राजा सांभाळायचा असेल तर

लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट; कोणत्या सुरुवातीला कोण काय खेळलं, हे तिचा एक्सप्लोरर दाखवतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि इटालियन (राजाचं प्यादं, घोडा आणि मग उंट सी४, अशी सुरुवात) खेळणाऱ्याला हवं ते देतो. फक्त 'मास्टर्स'वर, म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या डावांच्या टॅबवर, विसंबू नका. तिथली २२००च्या वरच्या रेटिंगची मंडळी घाईच्या हल्ल्याला सहसा वावच देत नाहीत. साइटवरच्याच डावांचा 'लिचेस' टॅब उघडा, सेटिंगमध्ये आपल्या रेटिंगचे गट ठेवा, बुलेट (अगदी झटपट डाव) काढा.

मग हे लावून बघा. दोघांचे उंट सी-फाईलवर (सी या उभ्या रांगेत). पांढऱ्याचं चौथ्या चालीला कॅसलिंग, पाचवीला डी३, सहावीला उंट जी५. काळ्याचा राजा अजून मधेच, म्हणून तो बिनधास्त एच६, जी५, एच५ अशी प्यादी सोडतो. मागे हटत जी३वर आलेला पांढऱ्याचा उंट एच४ने कोंडला जातो. पांढऱ्याने जी५चं प्यादं घोड्याने खाऊन पुढे वजीर उचलला तरी उघड्या एच-फाईलवर त्याच्या राजाची धडगत नाही. १८६२ साली लंडनला, पुढे जगज्जेता झालेल्या स्टाइनिट्झने इटलीच्या दुब्वाविरुद्ध हीच प्यादी ढकलून डाव जिंकला. (मास्टर्समध्ये १९५२पासूनचेच डाव, तेव्हा हा हाताने भरा.)

काळा कॅसलिंग करेपर्यंत उंट सी१वरच ठेवा. आधी सी३, हत्ती ई१. स्टॉकफिश (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) आकडा दाखवतो, कारण सांगत नाही. ते लिचेसच्या 'स्टडी'त, म्हणजे डावांच्या वहीत, चालीखाली स्वतः लिहून ठेवा. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात.