ट्रायपॉड: जून ते जानेवारी, डिचोली ते सुर्ला पठार

जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतला, आता जानेवारी लागलाय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर वजन, उंची आणि किती किलो पेलतो एवढंच लिहिता आलं असतं, आणि ते खोक्यावर छापलेलं असतंच. गोव्याच्या ओल्या रानात मला दोनच गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या: तो जमिनीला किती टेकतो, आणि चिखलात बुडाल्यावर आपल्या हातांनी उघडून धुता येतो का.

कार्बन फायबर, चार टप्प्यांचे पाय, पिळून घट्ट करायचे लॉक. हेडशिवाय (म्हणजे कॅमेरा बसवायच्या वरच्या भागाशिवाय) 1.35 किलो, हेडसकट 14,500 रुपये. त्यावर मिररलेस कॅमेरा आणि 90 मिमीची मॅक्रो, म्हणजे लहान गोष्टी अगदी जवळून टिपणारी लेन्स. मी बेडूक, फुलपाखरं, पठारावरची फुलं टिपते. पक्ष्यांसाठी मोठ्या लेन्स वापरणाऱ्यांनी माझं मत त्याच हिशेबाने घ्यावं.

पावसाळाभर तो घराजवळच्या टाकीपाशीच राबला. पाण्यावर झुकलेल्या फांदीला मलबारी उडत्या बेडकांनी फेसाची घरटी बांधली होती, तिथे रात्री छत्री धरून. तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. खरी परीक्षा झाली ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

दादा, वहिनी आणि मी तीन रात्री सत्तरी तालुक्यात तंबूत राहिलो. अभयारण्यात नव्हे. म्हादई अभयारण्य 1999 मध्ये जाहीर झालं, 208 चौरस किलोमीटरचं आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आत फोटो काढायला जायचं तरी परवाना लागतो. दिवसाचा परवाना आम्ही आधीच काढून ठेवला होता. मुक्काम मात्र बाबांच्या ओळखीच्या काकांच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, तिथल्या मांगराशेजारी (शेतघराशेजारी). रात्री पोफळींवरून पाणी टपटपत राहायचं आणि पहाटे तंबूचं आतलं कापडही ओलं लागायचं. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्याबाहेर लेन्स ठेवायची सोय नव्हती. या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

पहिल्या पहाटे गाडीने चोर्ला घाट चढलो आणि रस्ता सोडून पठारावर चालत गेलो. धुकं इतकं की पुढे चालणाऱ्या वहिनीची पाठ दिसेना. जांभ्याच्या खोलगटांत अजून पाणी होतं आणि कडेला सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके. हे फूल वीतभर दांड्यावर असतं, आणि मुळांच्या जागी बारीक पिशव्यांनी पाण्यातले जीव पकडतं. त्याचा फोटो उभ्याने वरून काढला तर नुसता निळा डाग येतो. त्याच्या उंचीला जावं लागतं. ट्रायपॉडची मधली दांडी काढून टाकली, पाय आडवे पसरले, आणि कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आला. वारा अजून सुटला नव्हता. एफ 11, आयएसओ 200, शटर एक अष्टमांश सेकंद, दोन सेकंदांचा टायमर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. पाकळीवरचा दवाचा थेंब आणि मागचं धुकं, दोन्ही मिळाले. हातात धरून हे होणारच नव्हतं. त्या एका फोटोपुरतेही मला हे पैसे वसूल वाटतात.

तिथेच एका खुळखुळ्याच्या झुडपावर ब्लू टायगर फुलपाखरं गर्दी करून बसली होती. या झाडातल्या अल्कलॉइडसाठी त्यांचे नर येतात; त्यातूनच मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो. ऊन येऊन पंख तापेपर्यंत ती जवळजवळ हलत नाहीत, म्हणून घाई न करता चौकट लावता आली. आणि इथेच हेडचा दोष कळला. चौकट लावून नॉब घट्ट केला की लेन्सच्या वजनाने कॅमेरा किंचित खाली झुकतो. निसर्गदृश्यात हे जाणवणार नाही, पण मॅक्रोत तेवढ्याने फुलपाखराचा डोळा फोकसबाहेर जातो. मी आता थोडं वर धरूनच घट्ट करते. सवय झाली, तरी या किमतीत हे चालवून घेऊ नये असंच माझं मत आहे.

दुसरा दिवस ओहोळाचा. पोलरायझर लावून ओल्या पानांवरची चकाकी मारली आणि शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून पाणी टिपलं. पाण्यात उभं करायचं असेल तर सगळ्यात खालचा, बारीक टप्पा आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतो. मी हे विसरले आणि वरचे टप्पे काढले. संध्याकाळी प्रत्येक लॉक फिरवताना वाळू करकरायला लागली. शिवाय ट्रायपॉडच्या एका पायाचं रबरी बूट चिखलातच राहिलं.

कुळागरातल्या पाटाच्या कडेला बसून तिन्ही पाय सोडवले. काका शेजारी येऊन बसले. "बाय, हें कितें गो?" विचारलं आणि मग स्वतःच एक पाय हातात घेऊन धुवायला लागले. लॉक पूर्ण उलटा पिळला की नळी बाहेर येते. तिच्या टोकाला प्लास्टिकच्या दोन अर्धगोल चकत्या असतात, त्या हरवायच्या नाहीत. आटे जुन्या टूथब्रशने घासले, रात्रभर वाळवले, घरी आल्यावर ग्रीसचं बोट फिरवलं. एकही अवजार लागलं नाही. आज लॉक नव्यासारखे फिरतात. समुद्रावर नेला तरी हेच, फक्त त्याच दिवशी आणि गोड्या पाण्याने. कार्बन गंजत नाही, पण सांध्यांचं धातुकाम खारं पाणी खातं.

हरवलेल्या बुटासाठी कंपनीला लिहिलं. सुटा भाग यायला पाच आठवडे लागले आणि तीन वेळा तोच फोटो पाठवावा लागला. तोवर दादाने सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून दिला होता. नवं बूट बसवलंय, पण तो तुकडा पिशवीत ठेवलाय.

एक गोष्ट काळजीपोटी. कॅमेरा इतका खाली आला की आपणही पोटावर पडतो. ऑक्टोबरात जळवा चिकटतात. वहिनीच्या मोज्यातून चार निघाल्या. त्या एक वेळ चालतील. कोरड्या दिवसांतल्या गोचिडी नाही चालत. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडींमुळे होतो. म्हणून डिसेंबरपासून मी पाचोळ्यात झोपत नाही. कॅमेऱ्याची स्क्रीन वर वळवते आणि उकिडवी बसून बघते. घरी शिरण्याआधी ट्रायपॉडचे पायही अंगणातच झटकते.

पुढच्या आठवड्यात नेत्रावळीला सावरी धबधब्याकडे जायचंय. पाणी आता कमी असेल, दगड मोकळे असतील. हेड बदलायचं ठरवलंय, पाय हेच राहतील.