घरी येऊन तपासणारी परिचारिका सेवा : दोन भेटी उत्तम, एक वाया

देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी आई एकटी राहते आणि आम्ही मुले मुंबईत असतो. ती 74 वर्षांची आहे आणि फोनवर तिची तब्येत "बरी हा" या दोन शब्दांच्या पलीकडे कधी जात नाही. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा तिच्या घोट्यांवरची सूज दिसली आणि पहाटे उठताना ती पडवीची भिंत धरते हेही लक्षात आले. म्हणून तालुक्याच्या ठिकाणाहून घरी परिचारिका पाठवणाऱ्या एका सेवेला बोलावले. आतापर्यंत तीन भेटी झाल्या. एका भेटीबद्दल मला तक्रार आहे, म्हणून सेवेचे नाव येथे देत नाही. एका भेटीचे 700 रुपये पडतात. गाव तालुक्यापासून दूर असल्यास 200 रुपये प्रवासखर्च वेगळा द्यावा लागतो, आणि हे दूरध्वनीवर नव्हे, निघताना सांगण्यात आले.

पहिल्या भेटीला आलेल्या सिस्टर तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसूतिसेवा) अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होत्या. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी विचारली तेव्हा त्यांनी रागावल्याशिवाय ती दाखवली. माझी अपेक्षा अशी होती की बाई येतील, रक्तदाब मोजतील आणि कागद देऊन जातील. प्रत्यक्षात पिशवीतून यंत्र बाहेर निघायला पाऊण तास लागला आणि तोवर फक्त बोलणे चालले होते. सुरुवातीला हा वेळकाढूपणा वाटला. तो माझा गैरसमज होता.

"आजी, हल्ली कसला त्रास वाटतो?" एवढेच विचारून त्या थांबल्या. आईने आधी "माका काय्येक झाला नाय" म्हणून पाहिले, मग पोफळीवरच्या रोगापासून सुनेच्या नोकरीपर्यंत सगळे सांगितले, आणि त्यातच कुठेतरी "उठलंय की कसातरी होता" हे वाक्य येऊन गेले. सिस्टरनी तेवढे धरले. आजूबाजूचे सगळे गरगर फिरल्यासारखे वाटते की डोळ्यांपुढे अंधारी येते, असे त्यांनी विचारले. आम्ही घरात दोन्हीला चक्करच म्हणतो, पण पहिल्या प्रकारात संशय बहुधा कानाकडे जातो आणि दुसऱ्यात रक्तदाबाकडे. आईचे उत्तर अंधारीचे होते. ते कधी होते, किती वेळ टिकते, बसल्यावर जाते का, त्यात कधी पडलात का, हे प्रश्न त्यानंतर एकेक करून आले.

आहाराची विचारपूस तर ऐकण्यासारखी होती. "मीठ जास्त खाता का?" या प्रश्नाला कोकणात कोणीही होकार देत नाही, आणि सिस्टरनी तो विचारलाही नाही. काल सकाळपासून काय काय जेवलात, असे विचारल्यावर पेजेबरोबरचे लोणचे, दुपारचा भाजलेला सुका बांगडा, आगळाची, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमरसाची, सोलकढी आणि रात्रीचा पापड असे सगळे मीठ आपोआप ताटात आले. मिश्रीबाबतही, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूबाबतही, "लावता का?" असे न विचारता "दिवसातून किती वेळा लावता?" असे विचारले, आणि आईने, माझ्यासमोर प्रथमच, तीन वेळा असे सांगितले. पुढे तोंडात बॅटरीचा उजेड पाडून गालांच्या आतली बाजू आणि जिभेच्या कडा तपासल्या गेल्या त्या याच उत्तरामुळे.

मग त्यांनी मला आणि बायकोला खळ्यात जाऊन बसायला सांगितले. पंधरा मिनिटांनी, आईला विचारूनच, मला एवढे सांगितले की लघवीचा काही त्रास आहे, तो डॉक्टरांना सांगायला हवा आणि आजी त्यासाठी तयार आहेत. मुलासमोर ती हे जन्मात बोलली नसती.

खरी गोष्ट औषधांच्या डब्यात सापडली. "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" याला आईचे उत्तर "पांढरी नि पिवळी" असे होते. सिस्टरनी डबा मागवला, प्रत्येक पाकिटावरचे बारीक अक्षर वाचले आणि दोन पाकिटे शेजारी ठेवून मला दाखवली. एक मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलेले होते, दुसरे गावाजवळच्या. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, पण दोन्हींत 5 मिलिग्रॅम अॅम्लोडिपिनच. रक्तदाबाची ही गोळी अनेकांच्या पायांना सूज आणते, आणि मात्रा वाढली की सूजही वाढू शकते. सिस्टरनी स्वतः एकही गोळी बंद केली नाही. तो आपला अधिकार नाही असे स्पष्ट सांगून त्यांनी डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली. मला ही त्यांची मर्यादा फार आवडली.

शारीरिक तपासणीही तितकीच शिस्तीची होती. रक्तदाबाआधी आईला पाच मिनिटे गप्प बसवले, पाठ टेकलेली, पावले जमिनीला लागलेली, हात छातीच्या पातळीवर उशीवर ठेवलेला. तपासणीआधी अर्धा तास चहा नको, असे सांगितल्यामुळे पाहुणीसाठी ठेवलेले आधण आईला उतरवावे लागले आणि ती त्यावर खट्टू झाली. तिचा दंड बारीक असल्याने लहान पट्टा काढला, कारण मोठ्या पट्ट्यावर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. नंतर आडवे करून एकदा आणि उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला असे पुन्हा मोजले. आडवे असताना 138 असलेला वरचा आकडा उभे राहिल्यावर 112 झाला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर तो उतार दखल घेण्याजोगा मानतात. भिंत का धरावी लागते, ते समोर आले.

नाडी मोजून झाल्यावरही मनगट सोडले नव्हते. मला वाटले नाडीच चालू आहे, पण त्यांची नजर आईच्या पदरावर होती आणि त्या श्वास मोजत होत्या. श्वास मोजतोय असे सांगितले की माणूस तो बदलतो, हे त्यांनी नंतर सांगितले. पाठीवर डाव्या हाताचे मधले बोट टेकवून उजव्याने टकटक सुरू झाली तेव्हा आई म्हणाली, "फणस पिकलो काय बघतंस गो?" उपमा चुकलेली नाही. ही रीत 1761 साली प्रथम मांडणारे व्हिएन्नाचे डॉक्टर आउएनब्रुगर खाणावळवाल्याचे चिरंजीव होते आणि पिंपांवर ठोकून आतली दारू कुठवर आहे हे जाणण्याची पद्धत त्यांना ठाऊक होती. हवा भरलेल्या फुप्फुसावर आवाज पोकळ येतो, पाणी साठले असेल तर बद्द. पोटाच्या बाबतीत मात्र आधी स्टेथोस्कोप आणि मग हात, कारण आधी दाबले तर आतड्यांचे आवाज बदलतात. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरल्यावर पडलेला खळगा आम्हालाही दाखवला. शेवटी पायांच्या बोटांमधल्या बेचक्या उघडून पाहिल्या. पावसात लावणीला चिखलात अनवाणी उतरणाऱ्याला चिखल्या असतील, तर लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू त्या वाटेने आत शिरू शकतात, म्हणून हे पाहायचे.

एक छोटी गोष्ट सेवेने सुधारावी. वजनकाटा शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवल्यावर दोनदा दोन आकडे आले. स्वयंपाकघरातल्या लादीवर नेल्यावर तो स्थिर झाला. गावच्या घरांत जाणाऱ्यांनी एक फळी बरोबर बाळगायला हरकत नाही.

दुसरी भेट जूनच्या अखेरीस झाली आणि ती वाया गेली. दुसऱ्याच कोणी आल्या, पाऊस धरण्याआधी परतायचे म्हणून घाईत होत्या. आई पायऱ्या चढून आली आणि लगेच, ब्लाऊजच्या बाहीवरूनच, मोठा पट्टा गुंडाळून तिच्याशी बोलत बोलत रक्तदाब घेतला. उभे करून मोजणे नाही, औषधांचा डबा नाही, स्टेथोस्कोप शालीवरून. कागदावर श्वास 18 लिहिले होते, पण ते कोणी मोजले नव्हते, कारण मी समोर बसून पाहत होतो. 18 हा आकडा साधारण 12 ते 20 या मर्यादेत बसतो, एवढीच त्याची सोय. अकरा मिनिटांत सर्व रकाने भरले, तक्रारीच्या रकान्यात "नाही". त्याच दिवशी आईला सकाळी अंधारी आली होती, पण विचारलेच नाही तर ती कशाला सांगेल?

तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले नाहीत. मात्र तिसऱ्या भेटीला पहिल्याच सिस्टर आल्या आणि त्यांनी जुनी नोंद वाचून सुरुवात केली. तोवर डॉक्टरांनी दोनपैकी एक गोळी थांबवली होती. घोट्यावरचा खळगा जेमतेम उमटला आणि उभे राहिल्यावर वरचा आकडा आठानेच उतरला. सुका बांगडा चालूच आहे, हे आईने न विचारता सांगितले.

मागवणार असाल तर प्रवासखर्च आधी विचारून घ्या, घरातली सगळी औषधे, काढे आणि चूर्णेसुद्धा, एका पिशवीत काढून ठेवा, आणि भेट ठरवताना कोण येणार हे नावानिशी ठरवा. आमची चौथी भेट गणपती झाल्यावर आहे. नाव मी कळवले आहे आणि चहा तपासणीनंतर मिळेल, हेही आईला आताच सांगून ठेवले आहे.