सिल्व्हरस्टोन की मॉन्झा? एकच शर्यत बघायची असेल तर

१९५० साली फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासून एकही वर्ष न चुकता झालेल्या ग्रां प्री (म्हणजे या स्पर्धेतल्या शर्यती) दोनच, ब्रिटिश आणि इटालियन. त्यामुळे पैसे साठवून एकदाच जायचं आणि जुन्या मातीतली शर्यत बघायची म्हटलं की गाडी इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन आणि इटलीतलं मॉन्झा या दोन नावांवर येऊन अडते.

सिल्व्हरस्टोन हा मुळात विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात इथून वेलिंग्टन बॉम्बर उडायचे. १९४८ मध्ये इथे पहिली ग्रां प्री भरली तेव्हा गाड्या चक्क धावपट्ट्यांवरून पळाल्या. दोन बाजूंनी गाड्या एकमेकींच्या दिशेने सुसाट यायच्या, म्हणून चालकांचं लक्ष विचलित होऊ नये यासाठी मध्ये कापडी पडदे उभारले होते! ती शर्यत जिंकली इटलीच्या विलोरेसीने, मासेराटीत. १३ मे १९५० ला राजे सहाव्या जॉर्ज यांच्यासमोर अजिंक्यपदाची पहिलीवहिली शर्यत झाली, तीही इटलीच्या फारिनाने मारली आणि पहिले तिघेही अल्फा रोमिओत. पुढच्याच वर्षी फेरारीला अजिंक्यपद शर्यतीतला पहिला विजय मिळाला, तो याच ट्रॅकवर. म्हणजे यजमान ब्रिटिश आणि पंगतीत जेवले इटालियन. ब्रिटिश गाडी घरच्या ग्रां प्रीत जिंकायला १९५७ उजाडलं, आणि ते झालं लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) ट्रॅकवर, कारण तेव्हा शर्यत फिरती होती. पुढे ब्रँड्स हॅच या ट्रॅकशी वाटणी झाली. १९८७ पासून मात्र मुक्काम कायमचा सिल्व्हरस्टोनला.

अडचण अशी की तिथे गेल्यावर यातलं फारसं डोळ्यांना दिसत नाही. ट्रॅक अनेकदा बदलला. उरली ती नावं: हँगर स्ट्रेट, वेलिंग्टन स्ट्रेट.

मॉन्झाचं उलट आहे. मिलानजवळच्या राजेशाही उद्यानात १९२२ साली हा ट्रॅक बांधला, आणि झाडीत शिरलात की जुना तिरका ट्रॅक अजून तिथेच उभा आहे. १९५५ चं काँक्रीट, भिंतीसारखं कललेलं. वरच्या टोकाकडे पायी चढू लागलं की पाय घसरतात. त्यावरून गाड्या पळायच्या हे तिथे उभं राहूनही पटत नाही. १९६१ मध्ये फेरारीचा चालक फॉन ट्रिप्स याची गाडी प्रेक्षकांत घुसली, त्याच्यासह डझनाहून जास्त माणसं गेली. अपघात या तिरक्या भागावर झाला नव्हता, तरी ग्रां प्रीची शर्यत त्यावर पुन्हा झाली नाही. १९७० मध्ये इथेच सरावात चालक योखेन रिंट गेला आणि मरणोत्तर विश्वविजेता ठरला. १९७१ मध्ये पीटर गेथिन सेकंदाच्या एका शंभराव्या भागाने जिंकला, पहिले पाच जण पाऊण सेकंदाच्या आत! वेग आवरायला पुढच्या वर्षी शिकेन, म्हणजे मुद्दाम घातलेली नागमोडी वळणं, आल्या.

गर्दीच्या बाबतीत मी कुणालाच कमी म्हणणार नाही. १९९२ मध्ये सिल्व्हरस्टोनला घरचा मॅन्सेल जिंकला तेव्हा गाड्या अजून ट्रॅकवर असताना इंग्रज पब्लिक आत घुसलं होतं. पण १९८८ ची गोष्ट वेगळीच. ऑगस्टमध्ये फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले, सप्टेंबरमध्ये मॉन्झाला फेरारीचे बर्गर आणि आल्बोरेतो पहिले-दुसरे. त्या मोसमातली बाकी प्रत्येक शर्यत मॅक्लारेनने जिंकली होती.

नुसतं ड्रायव्हिंग बघायचं असेल तर मात्र सिल्व्हरस्टोनच. मॅगट्स-बेकेट्सच्या वळणांत गाडी ज्या वेगाने डावी-उजवी होते, तसं मॉन्झाच्या सरळ रस्त्यांवर काही नाही. तयारी मात्र वेगळी लागते: ट्रॅकला लागून रेल्वे स्टेशन नाही, पुष्कळ लोक तंबू ठोकून राहतात आणि जुलैतही चिखल होतो. मॉन्झाला मिलानहून ट्रेन आहे, पुढे उद्यानातून चालायचं. तारीख सहसा सप्टेंबरच्या सुरुवातीची, त्यामुळे घरी गणपती असतील तर आधी पंचांग बघा. व्हिसाही दोन्हीकडचे वेगळे.

मला विचाराल तर मॉन्झा. आणि रविवारची वाट न बघता शुक्रवारीच जा, जरा मोकळं असताना आधी तो तिरका ट्रॅक गाठा.