पेद्रो इन्फान्ते यांच्या निवडक गाण्यांची तबकडी : लक्ष्मीपुरीतील एक खरेदी

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत जुन्या ध्वनिमुद्रिकांचे एक लहान दुकान आहे आणि गिऱ्हाइकाने नाव सांगितले तर तेथील मालक परदेशी तबकड्याही मागवून देतात. मेक्सिकोचे गायक-नट पेद्रो इन्फान्ते यांच्या निवडक गाण्यांची एलपी मी त्यांच्याकडूनच घेतली. अडीच हजार रुपये पडले. ही किंमत मला वाजवी वाटते, कारण पाकीट एका कडेला उसवलेले असले तरी तबकडीवर ओरखडे जवळजवळ नाहीत.

ज्या शहरात ‘प्रभात’ने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला आणि गोविंदराव टेंबे यांनी स्वतःच्या गळ्याने पडद्यावर हरिश्चंद्र उभा केला, त्या कोल्हापूरला गाणारा नट नवा नाही. इन्फान्ते ऐकताना हा संस्कार उपयोगी पडतो. १९१७ साली मासात्लान येथे जन्मलेला आणि सिनालोआ राज्यातच ग्वामूचिल गावी सुतारकाम करत वाढलेला हा तरुण मेक्सिको सिटीत आला, तेथे रेडिओवर गाऊ लागला आणि पुढे पीरलेस या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी तीनशेहून अधिक गाणी गाऊन सुमारे साठ चित्रपटांत झळकला. त्यांचे समकालीन होर्हे नेग्रेते यांचा आवाज ऑपेराच्या तालमीत घडलेला, भरदार आणि दूरवर फेकलेला होता. इन्फान्ते मात्र समोर एकच माणूस बसला आहे अशा बेताने गातात. मला हा दुसरा मार्ग अधिक कठीण वाटतो.

‘आमोर्सितो कोरासोन’ या गाण्यासाठी तरी ही तबकडी घ्यावी. मानुएल एस्पेरोन यांनी स्वरबद्ध केलेले हे गीत इस्माएल रोद्रिगेस यांच्या १९४८ च्या ‘नोसोत्रोस लोस पोब्रेस’ या चित्रपटातले आहे. त्यात इन्फान्ते ‘पेपे एल तोरो’ नावाचा गरीब सुतार झाले आहेत आणि रंधा-करवतीची सवय असलेले त्यांचे हात त्या भूमिकेत कोठेही परके वाटत नाहीत. गाण्यातील शीळ ऐकावी : नायक-नायिकेमधला तो संवादच आहे. नायिका ब्लांका एस्तेला पावोन पुढच्याच वर्षी विमान अपघातात गेल्या, हे ठाऊक असताना ती शीळ ऐकणे सोपे नाही.

संकलकाची निवड चांगली असली तरी मांडणी निराश करते. पाकिटावर रुंद टोपी आणि चारो (मेक्सिकन घोडेस्वाराच्या) पोशाखातले चित्र आहे. चरित्राची एक ओळ नाही, कोणते गाणे कोणत्या चित्रपटातले याचा उल्लेख नाही. ज्या गायकाची निम्मी ओळख पडद्यावर आहे त्याच्या बाबतीत ही उणीव मोठी आहे. १५ एप्रिल १९५७ रोजी मेरिदा येथे, स्वतः वैमानिकांत असताना, वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि त्याच वर्षी ‘तिसोक’ चित्रपटातील अभिनयासाठी बर्लिन चित्रपट महोत्सवाचे ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक त्यांना मरणोत्तर मिळाले, एवढे तरी छापायला हवे होते.

ध्वनी मोनो आहे. किंचित खरखर असली तरी गिटार आणि गळा स्वच्छ वेगळे ऐकू येतात. फक्त मारियाचीचे (मेक्सिकन लोकवाद्यवृंदाचे) ट्रम्पेट मोठ्या आवाजात कर्कश होतात, म्हणून ट्रेबल थोडा उतरवून ठेवावा. मागणी नोंदवताना आगाऊ रक्कम द्यावी लागते आणि तबकडी यायला महिना-दीड महिना लागतो. मालक ती गिऱ्हाइकासमोर दोन्ही बाजूंनी वाजवून दाखवतात आणि मगच उरलेले पैसे घेतात.