जॉर्ज वॉशिंग्टनची युद्धकाळातली कागदपत्रं: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी या कागदांपर्यंत पोचलो तो कॉर्नवॉलिसच्या मागोमाग. टिपूविरुद्धच्या 1790-92 च्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा ज्याच्या जोडीला होत्या, तोच हा इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस. त्याआधी दहाएक वर्षं, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, तो यॉर्कटाउनला अमेरिकी सेनापती वॉशिंग्टनपुढे शरण आला होता. ती हकीकत दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मूळ पत्रांतून वाचावी, एवढाच माझा हेतू होता. पण एकदा आत शिरलो आणि तिथेच रमलो.

सामग्री मुख्यतः दोन ठिकाणी आहे आणि दोन्हीकडे ती फुकट वाचता येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये वॉशिंग्टनचे सुमारे 77,000 कागद आहेत आणि त्यांच्या प्रतिमा ऑनलाइन पाहता येतात. 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर टंकित मजकूर मिळतो. तिथे लेखक, पत्र कुणाला लिहिलंय ते नाव, तारीख, असं काहीही टाकून शोधता येतं. वॉशिंग्टनबरोबर हॅमिल्टन, जेफरसन, फ्रँकलिन वगैरेंची पत्रंही असल्यामुळे एकाच पत्रव्यवहाराच्या दोन्ही बाजू हाती लागतात. माझं ठाम मत असं, की यातलं एकच ठिकाण वापरलं तर अर्धीच मजा येते. मजकूर एका खिडकीत आणि मूळ कागद शेजारच्या खिडकीत उघडा. खाडाखोड, ओळींच्या मध्ये घुसवलेले शब्द, बदललेलं अक्षर हे सगळं कागदावरच दिसतं.

अक्षराचं सांगायलाच हवं. सेनापतीची बरीचशी पत्रं त्याच्या हातची नाहीत. मसुदे टेंच टिलघमन, रॉबर्ट हॅरिसन, अलेक्झांडर हॅमिल्टन अशा सहायकांच्या हातचे आहेत, सही तेवढी वॉशिंग्टनची. टंकित मजकुराखालच्या टिपेत मसुदा कोणाच्या अक्षरात आहे ते बहुधा दिलेलं असतं. ती टीप वाचायची सवय लावून घ्या. आदेश एका माणसाच्या नावाने निघत असला तरी त्यामागे अख्खी कचेरी राबत होती, हे कळायला लागतं.

जुनं अक्षर लागत नसेल तर सुरुवात व्हॅरिकच्या प्रतींपासून करा. 1781 मध्ये वॉशिंग्टनने रिचर्ड व्हॅरिककडे युद्धातल्या पत्रांच्या नकला करून घेण्याचं काम सोपवलं आणि त्याच्या हाताखालच्या कारकुनांनी 44 मोठे खंड तयार केले. अक्षर सुवाच्य आहे. काँग्रेसला (म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधीसभेला) लिहिलेली वेगळी, लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेली वेगळी, शत्रूच्या अधिकाऱ्यांना लिहिलेली वेगळी, अशी वर्गवारीही आहे. लढाई अजून चालू असताना सेनापतीने आपलं दप्तर लावायला घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं. मोडीतली दप्तरं हाताळलेल्या कुणालाही ते वाटेल.

आता यॉर्कटाउन. 17 ऑक्टोबर 1781 ला कॉर्नवॉलिसने चोवीस तासांची युद्धबंदी मागितली. वॉशिंग्टनने त्याच दिवशी उत्तर धाडलं: अटी लेखी पाठवा, त्यासाठी दोन तास तोफा थांबवतो. भाषा दोन्हीकडे अतिशय अदबीची आहे. पण चोवीस आणि दोन हे आकडे एकापाठोपाठ वाचताना बाजी कोणाच्या हातात आहे ते लख्ख दिसतं.

व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीतून 23 डिसेंबर 1777 ला काँग्रेसचा अध्यक्ष हेन्री लॉरेन्स याला लिहिलेलं पत्रही चुकवू नका. पायात जोडा नाही, अंगावर धड कपडा नाही म्हणून छावणीतले 2898 लोक कामाला निकामी झालेत, असं त्यात लिहिलंय. इतका नेमका आकडा देऊन तो काँग्रेसला जाब विचारतो. ऊबदार खोलीत, शेकोटीशी बसून आक्षेप घेणं सोपं असतं, हेही सुनावतो.

माझं सगळ्यात आवडतं मात्र खर्चाचं खातं. वॉशिंग्टनने पगार नाकारला होता, फक्त झालेला खर्च घ्यायचं ठरवलं होतं, आणि त्याचा हिशेब तो स्वतः ठेवत होता. 15 जुलै 1775 ची नोंद बघा: बोस्टन शहरात जाऊन गुप्त पत्रव्यवहार उभा करावा म्हणून एका माणसाला 333 आणि एक तृतीयांश डॉलर दिले. नावाच्या जागी नाव नाही. शत्रूच्या मुलखात काम करणाऱ्यांची नावं लिहिता येणार नाहीत, असा खुलासा त्याने दिलाय. हिशेब पै-पैचा, पण माणूस मात्र झाकलेला.

उणिवांपैकी काहींचा दोष जुन्या हातांकडे जातो. एकोणिसाव्या शतकात जॅरेड स्पार्क्स या संपादकाने पत्रं छापताना भाषा ‘सुधारली’. शिवाय पहिल्या अध्यक्षीय भाषणाच्या एका जुन्या मसुद्याचे तुकडे करून आठवण म्हणून लोकांना वाटले. हे वाचून जीव हळहळतो. मार्थानेही नवऱ्याशी झालेला पत्रव्यवहार जाळून टाकला, त्यातली मोजकीच पत्रं उरली आहेत. त्यामुळे घरातला वॉशिंग्टन इथे फारसा भेटत नाही. आणखी एक: टंकित मजकुराचा काही भाग अजून संपादित झालेला नाही, तिथे टिपा नसतात आणि तशी सूचना पानावरच असते. संपादित खंडांत अनोळखी कप्तानाचाही ठावठिकाणा तळटीपेत मिळतो. ती सवय झाल्यावर टिपा नसलेली पानं वाचायला वेळ लागतो.

अमेरिकेच्या इतिहासाशी आपला काय संबंध, असं वाटणाऱ्यांनी निदान कॉर्नवॉलिसची पत्रं तरी उघडावीत. सध्या मी 1780 च्या पत्रांत आहे, वॉशिंग्टनचाच एक सेनाधिकारी बेनेडिक्ट अर्नोल्ड याची फितुरी उघडकीला आली त्या सप्टेंबरात. तिथून एवढ्यात बाहेर पडण्याचा विचार नाही.